देवाच्या नावावरचं बियाणं

१४ नोव्हेंबर १९४३, रविवार

आजपासून ही वही. कारण असं की तालुक्याहून पत्र आलं, गावच्या धान्य कमिटीत पंच म्हणून माझी नेमणूक झाली. कमिटी म्हणजे पाटील, तलाठी आणि मी. पाटलांना वाचता येत नाही आणि तलाठी तीन गावांना मिळून एक, तेव्हा कमिटी म्हणजे मीच. अख्ख्या जांभूळओहोळात व्हर्नाक्युलर फायनल पास मी एकटा, त्यामुळे हे व्हायचंच होतं, पण गावात मी तसं कुणाला म्हटलं नाही. घरात म्हटलं. जयाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग आता भात कोण कापणार?"

काम असं आहे. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यापासून रंगूनचा तांदूळ बंद झाला. मुंबईत रेशन, बेळगावात रेशन, त्यात कॅम्पात पलटणी. म्हणून ज्याच्या घरी भात पिकतं त्यानं पोटापुरतं आणि बियाण्यापुरतं ठेवून बाकीचं सरकारला ठरल्या भावानं घालायचं. याला लेव्ही म्हणतात. आमच्या शिवेला लागूनच संस्थान आहे, त्या हद्दीतून एक शेरही इकडं-तिकडं करायचा नाही, नाक्यावर पोलीस बसवलेत. मला हे न्यायाचं वाटतं. पिकवणाऱ्यानं पोटभर खावं आणि शहरातल्यानं उपाशी मरावं असं कुठल्या धर्मात आहे? चुलतभाऊ भरमूला हेच समजावलं. तो म्हणाला, "नागोजी, सरकारला बोट दिलास तर मनगाट धरतंय बघ." भरमू दुसरी नापास आहे.

२४ नोव्हेंबर

मळणी चालू आहे. आज सिद्राम आला. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो, एका छडीचा मार खाल्ला. मध्ये तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होता, आता तालुक्याला पुरवठा खात्यात आहे. सायकलवरून आला. पायात बूट, टाचा झिजलेल्या, पण बूट.

त्याला मोगरसाळीचा भात घातला. ही साळ आमच्या ओहोळाच्या पाण्यावरच होते, दुसरीकडं लावली तर वास जातो. चुलीवर ती शिजत असली की वेशीवरच्या माणसाला कळतं, नागोजीकडं पाहुणा आलाय. सिद्राम तीनदा वाढून घेऊन म्हणाला, "नाग्या, आमचा साहेब हे खाईल तर बिऱ्हाड घिऊन इथंच येतंय बघ." आम्ही खूप हसलो.

मग त्यानं बियाण्याची चौकशी केली. कुठं ठेवता, किती घरांचं, एक मुडी केवढी. खिशातून चिमुकली वही काढून लिहूनही घेतलं. शिकलेल्या माणसाला आपल्या चालीरीतींची अशी आवड असते. जाताना साहेबांसाठी म्हणून दोन पायल्या तांदूळ दिले. त्यानं नको नको म्हणत पिशवी उघडी धरली.

१२ डिसेंबर, रविवार

आज बी देवाला दिलं.

आमच्या गावात बियाणं घरात ठेवत नाहीत. सुकवून पेंढ्यात घट्ट बांधायचं, तिला मुडी म्हणतात, आणि मार्गशीर्षातली पौर्णिमा झाली की रविवारी रवळनाथाच्या देवळातल्या कोठीत नेऊन ठेवायचं. प्रत्येक घराची गाठ वेगळी. आमची दुपदरी, भरमूची उजवीकडं वळलेली. कागद नाही, खूण नाही. कोठीची किल्ली बायाक्काकडं असते. ती सत्तरीची आहे. देवाचा कौल घेऊन तिला नेमली त्याला तीस वर्षं झाली. अंधारातसुद्धा ती हातानं गाठ चाचपून घर सांगते.

एकदा उंबरा ओलांडला की ते बी देवाचं. अक्षय्यतृतीयेला बायाक्का घराचं नाव घेऊन मुडी हातात देईपर्यंत कुणी 'माझं' म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर ते उगवत नाही, अशी समजूत. माझ्या आज्याच्या वेळच्या दुष्काळात लोकांनी कंद उकडून खाल्ले. बायाक्काच्या सासूची दोन पोरं गेली. कोठीत मुड्या होत्या, पण कुणी तिकडं बघितलं नाही. म्हणून पुढच्या साली गाव उभं राहिलं. मी शिकलेला असलो तरी ही रीत मला आवडते. माणसाला स्वतःच्या भुकेपासून राखायला देवच लागतो.

यंदा त्रेचाळीस घरं, मणाची एक अशा सत्तेचाळीस मुड्या, म्हणजे दोन खंडी सात मण. अख्ख्या गावची मोगरसाळ तेवढीच.

२० डिसेंबर

जाहीरनाम्याचे छापील फॉर्म आले. लोक त्याला 'फारम' म्हणतात. घरटी माणसं किती, पीक किती, शिल्लक किती. तीन दिवस ओसरीवर बसून लिहितोय. लोकांनी आधी कमी सांगून बघितलं. मी म्हटलं, मी खळ्यावर उभा होतो, मला शिकवू नका. भरमू तावातावानं उठून गेला, संध्याकाळी परत येऊन खरा आकडा सांगून गेला.

अडलं ते एका रकान्यात. 'बियाणे: परिमाण व कोणाच्या ताब्यात.' घरोघरी विचारलं, तुझं बी किती? प्रत्येकाचं एकच, "बी देवाचं." घराच्या नावानं लिहावं तर खोटं, घरात दाणा नाही. लिहू नये तर चोरी. दोन दिवस माझी झोप उडाली आहे.

२३ डिसेंबर

मुद्दाम तालुक्याला जाऊन सिद्रामला विचारलं. तो म्हणाला, "एवढंच व्हय? खरं हाय ते लिव की. रवळनाथ देव, दोन खंडी सात मण, देवळाच्या कोठीत. देवाच्या मालाला हात लावायची सरकारची छाती हाय काय?" आणि स्वतःच्या हातानं मला कोरा फॉर्म दिला. देवाच्या नावाचा वेगळा.

डोक्यावरचं ओझं उतरलं. खरंही लिहायचं आणि बियाणंही सुरक्षित. सिद्रामसारखा माणूस कचेरीत आहे हे गावाचं नशीब.

२४ डिसेंबर

देवाचा फॉर्म भरला. सहीच्या जागी मी 'देवातर्फे' लिहून माझी सही केली. बायाक्काला वाचून दाखवला. ती कोठीच्या पायरीवर बसून ऐकत होती. म्हणाली, "कागदावर घालू नगो रं, बाळ. इतकी वर्सं कुणी इचारलं न्हाय, आता देवाला कागुद कशाला?"

मी तिला राज्यकारभार समजावला. कागदावर असतं तेच राहतं, बाकीचं वाऱ्यावर. ती म्हणाली, "तुला कळतंय ते खरं."

१९ जानेवारी १९४४

लेव्ही पुरी झाली. चार दिवस गाड्या जात होत्या. ठरलेलं सगळं घातलं, एक घर मागं राहिलं नाही. इतर गावांत झडत्या झाल्या, भिंती पाडून कणग्या काढल्या. आमच्याकडं शिपाईसुद्धा आला नाही. मी भरमूला म्हटलं, "बघितलास? खऱ्याला मरण नाही." तो म्हणाला, "मरण न्हाय, पर उपास हाय." मेल्याच्या तोंडाला लागू नये.

८ फेब्रुवारी

कसं लिहू कळत नाही, पण लिहितो. मी असतो तिथं काय झालं ते कागदावर असलं पाहिजे.

सकाळी लॉरी आली. पाच पोलीस, एक साहेब, मागच्या बाजूला सिद्राम. मला वाटलं पाहणी असेल. साहेब सभ्य होते, देवळाच्या आवारात बूट काढून आले. गाव जमलं. त्यांनी कोठी उघडायला सांगितली. बायाक्कानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं उघडली.

साहेब म्हणाले, "हा साठा कोणाचा?"

जमलेल्यांत पहिला गावकरी रवळू उभा होता. त्याला विचारलं, "यातलं तुमचं काही आहे?"

"न्हाय साहेब. देवाचं."

पुढचा. "तुमचं?"

"देवाचं."

एकेक घर बोलत गेलं आणि शेजारी कारकून लिहीत गेला. मी पुढं होऊन म्हटलं, "साहेब, ही इथली रीत आहे. लोक असं म्हणतात, पण हे प्रत्येकाचं पेरणीचं बी आहे."

साहेबांनी कागद काढला. माझा फॉर्म. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मालक म्हणून रवळनाथ देव लिहिलंय. देवाच्या नावावर जमीन किती?"

"दोन गुंठे. फुलझाडांची."

"दोन गुंठ्यांना दोन खंडी बी लागत नाही. बाकी शिल्लक. ज्यानं त्यानं आपलं म्हणून सांगितलं, तर मी आत्ता सोडून देतो. मला हौस नाही."

संधी होती ती. साहेबांनी दिली होती. मी भरमूचा हात धरला. "भरमू, म्हण रं. तुझं हाय म्हण. तुझी गाठ दिसते आहे तिथं!" ज्या भरमूनं लेव्हीच्या आकड्यात चार मण लपवायला बघितले होते, तो बायाक्काकडं बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "देवाचं."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही शिकलेले आहात. तुमचं आहे का यात?"

आमची दुपदरी गाठ तिसऱ्या ओळीत होती. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून आलं, "देवाचं."

दुपारपर्यंत सत्तेचाळीस मुड्या लॉरीत चढल्या. सिद्राम लॉरीच्या पलीकडच्या बाजूनं मोजत होता, इकडं आला नाही. त्याला शरम वाटली असणार. वरून हुकूम आल्यावर तो तरी काय करणार?

१० फेब्रुवारी

नेलेल्या बियाण्याच्या पावतीवर नाव: 'रवळनाथ देव, रा. जांभूळओहोळ.' धंद्याच्या जागी कारकुनानं आधी रेघ मारली होती, मग कुणीतरी तिथं 'शेती' लिहिलं आहे.

१ मार्च

तालुक्याला तिसरी खेप. पैसे घ्यायला नाही, बी सोडवायला. अर्ज केला, अर्जाला जोड-अर्ज केला. खिडकीतला कारकून म्हणतो, हरकत घ्यायची तर ज्याचा माल त्यानं स्वतः यावं, किंवा मुखत्यारपत्र द्यावं. मी म्हटलं, रवळनाथाचं मुखत्यारपत्र मी कुठून आणू? तो म्हणाला, "सही केलीत तेव्हा कुठनं आणलं होतं?" मागची माणसं हसली. मीही हसलो, म्हणजे हसल्यासारखं केलं.

सिद्राम भेटला नाही. टेबलावर त्याची टोपी होती. गरम चहाची कपबशी होती. शिपाई म्हणाला, फिरतीवर गेलेत.

गावात माझ्याशी भांडायला कुणी येत नाही. त्यानंच जास्त त्रास होतो. आलो की बोलणं थांबतं आणि कुणीतरी विचारतं, "काय नागोजी, ऊन लई हाय न्हाय?"

२ एप्रिल, रविवार

साहेबांच्या सहीचं पत्र! लेव्ही वेळेत आणि ठरल्यापेक्षा जास्त घातल्याबद्दल जांभूळओहोळ तालुक्यात पहिलं. गावातर्फे मी हजर राहून प्रशस्तिपत्र घ्यायचं, नंतर भोजन.

जायचं ठरवलं. सन्मान गेला खड्ड्यात, पण साहेब समोर असतील. भरसभेत हात जोडून बी मागेन. पहिल्या आलेल्या गावाला नाही म्हणतील कसे? बायाक्काला सांगितलं. ती म्हणाली, "जा. मागून बघ."

९ एप्रिल

पहाटे निघालो ते दिवेलागणीला आलो. हात धुतले, पाय धुतले आणि बसून लिहितोय. मंडळी आत आहे.

सिद्राम दारातच भेटला. आता तो इन्स्पेक्टर आहे, बूट नवे आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेबांच्याम्होरं बियाण्याचं काढू नगो. काय उपेग न्हाय." मी विचारलं, का? तो म्हणाला, "कुठाय बी? मार्चातच गिरणीत गेलं."

मग विचारलं, म्हणजे आजवर विचारायचा धीर नव्हता ते विचारलं. "सिद्राम, देवाच्या नावानं लिही म्हणालास तेव्हा तुला ठाऊक होतं?"

त्यानं इकडं-तिकडं बघितलं. "माझ्या सर्कलला चाळीस मण कमी पडत होतं रं. न्हाईतर तुमच्या घराघरांत पोलीस घुसले असते, बायकांच्या पेट्या उपसल्या असत्या. एका दारातनं सुटला न्हवं गाव? मी गाव वाचिवलो तुझं, नाग्या."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सर्वांत वाईट हे की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर शेतानं उपकार मानायचे. माझ्याच घरी जेवला, माझ्याच तोंडून सगळं काढून घेतलं, मलाच सही करायला लावली. पंचवीस वर्षं ज्याला मित्र म्हटलं त्याला चाळीस मणांना मी पुरलो. मी किती मूर्ख, किती मूर्ख!

मग नाव पुकारलं. फेटा बांधला. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, असे प्रामाणिक पंच गावोगाव पाहिजेत. बी मागायला उभा राहिलो होतो, पण मागायचं काय? मी "आभारी आहे" म्हणालो.

मग पंगत. साहेबांच्या समोरचं पान माझं. वाढपी भात घेऊन येत होता, तो चार पानं लांब असतानाच मला वास आला.

ते इथं लिहिणं भाग आहे. मी उठलो नाही. सगळे बघत होते, साहेब म्हणाले, "जेवा पंच, तुमच्याच गावचा आहे." मी वरण कालवलं आणि जेवलो. पानावर शीत ठेवलं नाही. आमच्या गावात कुणी भुकेनं मरताना जे खाल्लं नाही, ते मी फेटा बांधून खाल्लं.

घरी आल्यावर जयाबाईनं फेटा घेतला, धुवायला उपरणं घेतलं. मी उपरण्याला हात पुसले होते. तिनं ते नाकाशी नेलं आणि तशीच उभी राहिली.

"जेवणाला काय होतं?"

"बुंदी होती. वांग्याची भाजी."

"आनि भात?"

"रेशनचा," मी म्हटलं.

तिनं पुढं विचारलं नाही. बरं झालं, वास तिच्या लक्षात आला नाही.

१० एप्रिल

जयाबाई सकाळीच माहेरी गेली. आईला बरं नाही म्हणाली. निरोप कधी आला मला कळलं नाही. माहेर गडहिंग्लजकडं, संस्थानी हद्दीत. जाताना चुलीवर आमटी करून ठेवली होती. रागानं गेलेली बाई आमटी करून जात नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

२६ एप्रिल, अक्षय्यतृतीया

देवळात कुणी गेलं नाही. मी लांबून बघितलं. बायाक्कानं कोठी उघडली, झाडली, सारवली आणि परत कुलूप लावलं. माझ्यासमोरून गेली. मी म्हटलं, "आक्का, माझं चुकलं." ती थांबली. "व्हय," म्हणाली, आणि गेली.

तिनं समजूत घालावी अशी माझी अपेक्षा होती हे ती गेल्यावर कळलं.

६ मे

सरकारी बियाणं आलं, आठ पोती, माझ्या नावानं, वाटायला. ओसरीत उतरवून घेतलं. दाणा आखूड, लालसर, कुठल्या मुलखाचा कोण जाणे. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले.

१० मे

शंभरांतले अकरा उगवले.

वरती तसं कळवलं. उत्तर येईल म्हणतात. गावात दवंडी दिली की बियाणं न्यायला या. कुणी आलं नाही. सबंध दिवस मी पोत्यांशेजारी बसून होतो. रवळू समोरून गेला. "बी न्यायचं न्हाय व्हय रं?" म्हटलं, तर "बघू की, घाई काय हाय?" म्हणाला. पेरणी तोंडावर आली आणि म्हणे घाई काय हाय! या लोकांना आळशी म्हणावं की काय म्हणावं.

१७ मे

गंमत आहे. सगळ्या गावच्या बायकांच्या आया एकदमच आजारी पडल्यात. भरमूची बायको गेली, रवळूची गेली, पाटलीणबाईसुद्धा चाळिशी उलटल्यावर माहेरच्या आठवणीनं गेल्या. कुणी गडहिंग्लजकडं, कुणी नेसरीकडं, कुणी पार आजऱ्याच्या बाजूला. पुरुषमंडळी चुली फुंकताहेत आणि कुणाची तक्रार नाही. भरमूला म्हटलं, "साथ आली काय रं सासवांना?" तो हसला. किती दिवसांनी हसला माझ्याकडं बघून. मग बैलांना पाणी दाखवायचंय म्हणून घाईनं निघून गेला.

२१ मे

जयाबाई आली. आई बरी आहे. येताना आईनं शिवलेली वाकळ आणली. जुन्या लुगड्यांची, चांगली जाडजूड. या उन्हाळ्यात वाकळ! मी गाडीतून उतरवून घ्यायला गेलो तर माझ्या हाताला लागू दिली नाही. स्वतः पोटाशी धरून आत नेली. नाक्यावर पोलीस काही बोलले का विचारलं, तर म्हणाली, "बाईमानसाच्या हातरुनाला कोन हात लावतंय?"

पाठ धरली आहे तिची, दुखतेय म्हणाली. तेल लावू का विचारलं. नको म्हणाली.

४ जून, रविवार

बियाण्याच्या तक्रारीचं उत्तर घ्यायला काल मला तालुक्याला जावं लागलं. म्हणजे जावं लागलं असं नाही, जयाबाई म्हणाली, "जाऊन तर या, बसून काय व्हतंय?" भरमूनंही आग्रह केला, गाडी जोडून दिली. एवढी आस्था बघून मला गहिवरून आलं. उत्तर असं मिळालं की बियाणं उत्तम आहे, उगवत नसल्यास जमिनीत दोष असावा.

रात्र तिथं काढून आज सकाळी परत आलो. वेशीपाशी गाडी थांबवली. ओहोळाच्या दोन्ही अंगांना तरव्याचे, म्हणजे रोपांचे, सगळे वाफे पेरून, कुळव फिरवून, वर पाला पसरून झालेले. भरमूचे, रवळूचे, पाटलांचे. एक वाफा मोकळा नाही. पुढं गेलो तर आमचाही पेरलेला. आठही पोती माझ्या ओसरीत शिवलेलीच आहेत.

मग एकेक ध्यानात येत गेलं. सासवा, वाकळा, पोटाशी धरून आत नेलेलं ओझं. त्रेचाळीस घरांतल्या बायका संस्थानातून, पोलिसांच्या नाकासमोरून बी घेऊन आल्या. मोगरसाळ नव्हे, माहेरची साधी भातं, पण उगवणारी. अख्खं गाव यात होतं. पुरुष, बायका, पाटील, बहुतेक बायाक्का. दीड-दोन महिने सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. काल मला गाडीत बसवून दिलं तेही पेरणीसाठीच, म्हणजे पंच गावात नको.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. सिद्रामनं फसवलं तेव्हा संताप आला होता, संतापानं माणूस उभा तरी राहतो. आज संतापायचं तरी कुणावर?

आत जाऊन विचारलं, "बी कुठलं?"

"पेरलंय," जयाबाई म्हणाली.

"किती आणलंस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"जया, मला का नाही सांगितलंस? मी नवरा आहे तुझा."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला. माझ्याकडं बघितलं नाही. "त्या दिवशी रेशनचा भात म्हनालासा," ती म्हणाली. "एवढंच एक तुमी खोटं बोललासा आजवर. बाकी सगळं खरं सांगतासा, आनि लिवून ठेवतासा. हे बी लिवलं असतंसा."

मी ओसरीवर आलो. पोत्यांना टेकून बसलो आणि सवयीनं वही उघडली. कोण गेलं, कुठून आणलं, कशात लपवलं, सगळं क्रमानं लिहून झालं. आत्ता मान वर केली तर ती दारात उभी आहे. किती वेळ उभी आहे कोण जाणे. नुसता हात पुढं केलाय, वहीसाठी.